कोलोराडोतली शिकार, उंचावरची हवा आणि बॅलिस्टिक अ‍ॅप: कितपत विसंबावं?

ह्यूस्टनकर

नमस्कार मंडळी. इथे शिकारीवर फारसे धागे निघत नाहीत, पण अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये रीतसर परवाना काढून शिकार करणारे सभासद आहेत हे जुन्या चर्चांवरून माहीत आहे, म्हणून विचारतोय.

ऑक्टोबरअखेरीस कोलोराडोत एल्कच्या शिकारीला जायचं ठरलंय. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: एल्क हा आपल्या सांबराच्याच कुळातला, मोठा नर तीनशे किलोच्या पुढे भरतो. माझी रायफल 6.5 क्रीडमूर काडतुसाची, गोळी 143 ग्रेन वजनाची. सराव सगळा ह्यूस्टनच्या रेंजवर, म्हणजे जवळपास समुद्रसपाटीला, तिशीतल्या तापमानात आणि अंगाला चिकटणाऱ्या हवेत. झीरो 200 यार्डांवर केलाय, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर बसते. जिथे जायचंय ती जागा साडेनऊ हजार फुटांवर आणि पहाटे पारा शून्याखाली.

फोनवर तीन बॅलिस्टिक अ‍ॅप, म्हणजे गोळी किती खाली आणि किती बाजूला जाईल ते काढून देणारी अ‍ॅप, घेतली आहेत. ह्यूस्टनची हवा भरली की 400 यार्डांवर गोळी 22-23 इंच खाली येते असं दोन अ‍ॅप सांगतात. तिसरं त्याच गोळीला भलताच मोठा आकडा देतं. डोंगरातली हवा भरली की तिघांची तोंडं तीन दिशांना. एक अ‍ॅप नेटवरून हवामान आपोआप ओढतं, दुसरं दाब आणि उंची दोन्ही विचारतं, तिसरं फक्त दाब.

प्रश्न असा, की यात नेमकं काय भरायचं आणि ऐनवेळी त्यावर किती विसंबायचं? शिकार करावी की नाही यावर वेगळा धागा काढावा ही विनंती.

बोरूबहाद्दर

शेवटची ओळ लिहिलीत म्हणजे तिसऱ्या प्रतिसादात त्याच विषयावर गाडी येणार. वाचनखूण साठवली आहे.

पर्वतवेडा

ह्यूस्टनकर, मी कोलोराडोतच फोर्ट कॉलिन्सला राहतो आणि गेली बरीच वर्षं दर हंगामात रानात असतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच महत्त्वाचा आहे.

तुमच्या गोळीचा हिशेब मांडून बघा. समुद्रसपाटीवरून नऊ हजार फुटांवर गेलं की हवेची घनता साधारण चौथ्या हिश्श्याने कमी होते. गोळीला कमी अडवलं जातं, ती कमी पडते. 300 यार्डांवर हा फरक एखादा इंच. 400 वर दोन-अडीच इंच. 600 वर मात्र तो नऊ इंचांच्या घरात जातो. एल्कच्या छातीचा जो भाग आपल्याला हवा तो चांगला फूटभर असतो. म्हणजे 300 च्या आत हवेची घनता तुमची शिकार बिघडवत नाही.

आता वारा घ्या. ताशी 10 मैलांचा वारा आडवा लागला तर तुमची गोळी 300 यार्डांवर पाच इंच सरकते, 400 वर नऊ, 500 वर चौदाच्या आसपास. आणि वारा अ‍ॅपला माहीत नसतो. तो तुम्ही सांगायचा असतो. तुम्ही 10 सांगितलात आणि खरा 16 असला, तर अ‍ॅपने दिलेलं उत्तर दशांशापर्यंत चोख असूनही गोळी पोटात जाते.

आमच्याकडे एक नेहमीची बसायची जागा आहे. एका सोंडेवर आपण, मधे घळ, समोरच्या उतारावर अ‍ॅस्पनची झाडं आणि त्यांच्या कडेला गवताची पट्टी. आपल्या गालावर वारा डावीकडून लागतो. घळीतला वारा घळीच्या रेषेत, म्हणजे वरून खाली किंवा खालून वर. समोरची अ‍ॅस्पनची पानं उजवीकडून हलताना दिसतात. चारशे यार्डांत तीन वारे. हातातला वारामापक त्यातला फक्त पहिला मोजतो.

म्हणून माझं मत: अ‍ॅप घरी वापरा, भरपूर वापरा. रानात निर्णय आधीच झालेला असला पाहिजे की अमुक अंतराच्या पुढे चाप ओढायचा नाही.

शिमलाऑफिस

दाबाचा गोंधळ मी सोडवतो. आयुष्य पुण्याच्या हवामान खात्यात गेलं, बंदूक कधी हातात धरली नाही, पण वायुभारमापक रोज धरला.

दाब दोन प्रकारे सांगतात. एक, त्या जागी हवेचा खरोखर जेवढा भार आहे तो. दुसरा, ती जागा समुद्रसपाटीवर असती तर किती असता ते हिशेबाने काढून. बातम्यांत, फोनवर, वर्तमानपत्रात दिसतो तो दुसरा. का? तर नकाशावर मुंबई, पुणे, महाबळेश्वर शेजारी मांडून कमी-जास्त दाबाचे पट्टे काढायचे असतील तर डोंगराची उंची आधी वजा करावी लागते. पुणे 560 मीटरवर आहे. इथे खरा दाब 950 हेक्टोपास्कलच्या आसपास असतो आणि फोन त्याच वेळी 1010 दाखवत असतो. दोन्ही बरोबर, पण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं.

गोळीला कोणता दाब लागतो? अर्थातच खरा. ती नकाशातून जात नाही, समोरच्या हवेतून जाते. साडेनऊ हजार फुटांवर प्रमाण वातावरणात खरा दाब 710 च्या आसपास येतो. तुमचा फोन मात्र 1015 म्हणेल.

आता अ‍ॅपचं. जे अ‍ॅप दाब आणि उंची दोन्ही मागतं, त्याला समुद्रसपाटीचा दाब हवा असतो. उंचीवरून ते स्वतः खरा दाब काढतं. जे फक्त दाब मागतं त्याला खरा दाब द्यायचा. खरा दाब भरून वर उंचीही भरली तर उंची दोनदा वजा होते आणि अ‍ॅपला वाटतं तुम्ही एव्हरेस्टच्या वाटेवर आहात. उलट केलंत, म्हणजे फक्त दाब मागणाऱ्या अ‍ॅपला फोनवरचा 1015 दिलात, तर ते तुम्हाला गॅल्व्हेस्टनच्या किनाऱ्यावर बसवतं. विमानवाले यालाच क्यूएनएच (समुद्रसपाटीचा) आणि क्यूएफई (जागेवरचा खरा) म्हणतात आणि त्यात घोळ होऊ नये म्हणून प्रत्येक संदेशात नाव घेऊन आकडा सांगतात.

ह्यूस्टनकर

काका, मनापासून आभार. अ‍ॅपच्या मदतपानावर चार वेळा वाचून जे उमगलं नव्हतं ते आत्ता उमगलं. म्हणजे नेटवरून ओढलेलं हवामान वापरायचंच नाही का?

शिमलाऑफिस

नेटवरचं हवामान कुठल्या केंद्राचं आहे ते बघा. डोंगराळ भागात सर्वांत जवळचं केंद्र बहुधा खोऱ्यातल्या विमानतळावर असतं, तुमच्यापासून कैक मैल लांब आणि तीन-चार हजार फूट खाली. तिथलं तापमान तुमचं तापमान नव्हे. हिवाळ्यात तर खोऱ्यात थंड हवा साचते आणि वरची सोंड खोऱ्यापेक्षा उबदार असते, असंही होतं.

आर्द्रतेचा विचार मात्र सोडून द्या. दमट हवा जड असते असा समज आहे, ती प्रत्यक्षात हलकी असते, कारण पाण्याचा रेणू हवेच्या सरासरी रेणूपेक्षा हलका. पण 15 अंशांना अगदी कोरड्या हवेपासून पूर्ण ओल्या हवेपर्यंत घनतेत पडणारा फरक एक टक्काही नाही. तो रकाना 50 वर ठेवून विसरून जावं.

चाप_ओढ्या

पर्वतवेडा यांच्याशी अर्धा सहमत. 300 च्या आत अ‍ॅप लागत नाही हे खरं, पण अ‍ॅपला दोष देणाऱ्या बहुतेकांनी अ‍ॅपमध्ये कचरा भरलेला असतो. मी अ‍ॅरिझोनात लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धांना जातो. तिथे 800 यार्डांवरच्या पहिल्या गोळीची उंची अ‍ॅपवरून काढलेली असते आणि ती बसते. उंचीचं गणित सुटलेलं आहे.

ह्यूस्टनकर, तुमचं तिसरं अ‍ॅप मोठा आकडा का देतंय ते बघा. गोळीच्या डबीवर दोन बॅलिस्टिक कोइफिशंट, म्हणजे गोळी हवेला किती कमी अडखळते त्याचे आकडे, छापलेले असतात, जी1 आणि जी7 अशा दोन मापांत. तुमच्या गोळीचे साधारण .625 आणि .315. जी7 चा आकडा जी1 च्या रकान्यात गेला तर अ‍ॅप समजतं की गोळी जवळजवळ दुप्पट अडखळत चाललीय. नव्वद टक्के खात्री आहे की तेच झालंय.

दुसरं, डबीवरचा 2700 फूट सेकंदाचा वेग 24 इंची नळीतला आहे. तुमची नळी 20 किंवा 22 इंची असेल तर वेग त्याहून कमी. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, मिळवा. हल्ली रडारवाले छोटे मिळतात, रेंजवर कुणाकडे तरी असतोच.

आणि तिसरं, ज्यावर अजून कुणी बोललं नाही: दारू.

बोरूबहाद्दर

अखेर धागा माझ्या अभ्यासाच्या विषयावर आला.

चाप_ओढ्या

काडतुसातली दारू हो! ती गार पडली की हळू जळते. काही दारू अंशामागे, म्हणजे एका फॅरनहाइटमागे, एक फूट सेकंद किंवा त्याहूनही जास्त वेग सोडते. काही खास तापमानाला न जुमानणाऱ्या म्हणून बनवलेल्या असतात, त्यांचा फरक बराच कमी. ह्यूस्टनच्या 85 फॅरनहाइटवरून डोंगरातल्या 20 वर गेलात, तर साधारण दारूने 60-65 फूट सेकंद वेग गेला. 400 यार्डांवर त्याचेच दोन इंच होतात.

गंमत बघा: उंचीमुळे गोळी दोन-अडीच इंच वर लागणार होती, गार दारूमुळे दोन इंच खाली. तुमच्या बाबतीत दोन्ही जवळजवळ एकमेकांना खातात. ज्यांनी फक्त उंची भरली आणि दारूचं तापमान भरलं नाही त्यांना अ‍ॅप खोटं वाटतं ते यामुळे. काडतुसं उन्हातल्या गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका आणि एक काडतूस कोटाच्या आतल्या खिशात, बाकीची रायफलीत असंही करू नका. सगळी एकाच तापमानाची राहू द्या.

हिशेबी

अवांतर प्रश्न. मी एच-1बी वर आहे. मला हे सगळं करता येतं का? ऑफिसातला एक जण म्हणतो परदेशी माणसाला बंदूक हातातही धरता येत नाही.

पर्वतवेडा

तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, पण त्यात अपवाद आहेत आणि राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा त्यातला एक. ग्रीनकार्ड असेल तर ही मनाई लागू नाही. राज्याराज्याचे नियम त्यावर वेगळे, तेव्हा वकिलाला विचारूनच पाऊल टाका, व्हिसा पणाला लावण्याची ही गोष्ट नव्हे. कोलोराडोत परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचा दाखला लागतो. 1 जानेवारी 1949 च्या आधी जन्मलेल्यांना तेवढी सूट आहे. तो अभ्यासक्रम शिकार न करणाऱ्यानेही करावा इतका चांगला आहे.

रानजाई

धागाकर्त्यांनी विनंती केली आहे ती मी पाळते, शिकार करावी की नाही यावर बोलत नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो प्रश्नही उरला नाही. पण या चर्चेत एक गोष्ट टोचते. "पोटात जाते", "नऊ इंच सरकते" असं लिहून आपण पुढच्या आकड्याकडे जातो. पोटात गोळी लागलेलं जनावर काय भोगतं ते मी पाहिलं आहे. विदर्भात वनखात्याच्या माणसांबरोबर काम करताना गावठी बंदुकीने जखमी झालेली एक नीलगाय सापडली होती. ती उठायचा प्रयत्न करायची, पुढचे पाय रोवायची, मागचे येत नव्हते. डॉक्टर पोचेपर्यंत तसंच चाललं होतं.

अ‍ॅपमुळे माणूस अधिक लांबून बार टाकायला धजावतो की नाही, एवढं मला प्रामाणिकपणे सांगा.

पर्वतवेडा

ताई, धजावतो. मी हे पाहतो आणि मला त्याचा राग येतो. दुकानात रायफल, दुर्बीण आणि अ‍ॅप एकत्र विकतात आणि सोबत 800 यार्डांवरच्या शिकारीचा व्हिडिओ दाखवतात. गोळीला 800 यार्ड जायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात एल्क एक पाऊल टाकतो. त्या पावलाचा रकाना कुठल्याच अ‍ॅपमध्ये नाही.

अमेरिकेतल्या बून अँड क्रॉकेट क्लब या शिकाऱ्यांच्याच संस्थेनेही याच कारणावरून लांब पल्ल्याच्या शिकारीवर आक्षेप घेतला आहे. त्यांचं म्हणणं, जनावराला माणसाची चाहूल घेऊन निसटण्याची संधी उरत नसेल तर ती शिकार नाही. आयडाहोसारख्या राज्यांत बंदुकीवर इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवण्यावर बंधनं आहेत, आणि 16 पौंडांहून जड बंदूक शिकारीला चालत नाही. खिशातल्या फोनवर बंदी नाही, पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते कळतं.

चाप_ओढ्या

रानजाई, प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर थोडं वेगळं. अ‍ॅप नव्हतं तेव्हाही लोक लांबून बार टाकत होते, फक्त अंदाजाने. "जरा पाठीच्या वर धरा आणि ओढा" हा सल्ला मी थोरामोठ्यांकडून ऐकलाय. ज्याने अ‍ॅपमध्ये प्रामाणिक आकडे भरून रेंजवर कागदावर पडताळले, त्याला आपली मर्यादा कळते. वाऱ्याच्या रकान्यात 8 आणि मग 14 भरून बघा. गोळी फुटापेक्षा जास्त इकडेतिकडे होते का? ज्या अंतरावर होते तिथे तुमची हद्द संपली. हा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

रानजाई

हे पटलं. असा वापर करणारे जास्त असोत.

मालवणी_खाजां

आमच्या कुडाळाकडे शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचो परवानो मिळता, त्यामुळे बंदूक म्हटल्यावर माका रवाक नाय. आजोबांची ठासणीची होती. डुकरं भातात उतरली की माचावर बसून राखण. मारण्यापेक्षा आवाज काढून पळवण्यावर भर, कारण डुक्कर मारायलाही वनखात्याची रीतसर परवानगी लागते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांचं वाऱ्याचं शिक्षण मात्र आठवतं. माचावर चढण्याआधी चिमूटभर राख हवेत सोडायचे. राख ज्या बाजूला जाईल तिथून डुक्कर येणार असेल तर त्या रात्री माच बदलायचे. त्यांना वारा गोळीसाठी नको होता, वासासाठी हवा होता. पंधरा-वीस पावलांवर गोळी काय वाहून जाणार? जनावराला वास लागला की शेत सोडून डुक्कर दुसऱ्याच्या शेतात, आणि मग सकाळी शेजाऱ्याशी भांडण.

वारा तोच, काम दोन. पर्वतवेडा, तुमच्याकडे एल्कचं नाक कसं?

पर्वतवेडा

व्वा, राखेची आठवण सुंदर. आम्ही तेच करतो, राखेऐवजी पावडरची छोटी पिचकारी बाटली. एल्कचं नाक भयंकर तिखट. गोळी पोचण्याआधी वास पोचला तर शिकार संपली.

डोंगरातला नियम साधा आहे. पहाटे थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते. ऊन चढलं की उतार तापतो आणि हवा वर चढू लागते. मधल्या तासाभरात वारा कुठेही वळतो. म्हणून सकाळी जनावराच्या वरच्या अंगाने जायचं नाही आणि दुपारी खालच्या अंगाने नाही. हे गणित तुमचं बॅलिस्टिक अ‍ॅप करत नाही, पण शिकारीच्या दृष्टीने हवामान म्हणजे आधी हे आणि मग बाकीचं. ह्यूस्टनकर, अ‍ॅपच्या तिसऱ्या रकान्यात काय भरायचं यावर जितका वेळ घालवलात तितका यावर घाला.

दक्षिणबेट

न्यूझीलंडहून. इथे सरकारी रानात शिकारीचा परवाना ऑनलाइन आणि फुकट मिळतो, कारण लाल हरीण आणि ताहर ही बाहेरून आणलेली जनावरं आहेत आणि त्यांच्यामुळे मूळच्या वनस्पतींची नासाडी होते. बंदुकीचा परवाना मात्र वेगळा आणि कडक. ताहर हा हिमालयातला, रानबोकडासारखा. आपल्या मुलखातला प्राणी इथल्या आल्प्समध्ये पाहताना मन भरून येतं.

दोन गोष्टी वाढवतो. पहिली, चढउतार. ताहर नेहमी डोक्यावर किंवा पायाखाली. तीस अंशांच्या उतारावर 400 यार्ड अंतर असेल तर गोळीच्या पडण्यापुरतं ते 346 यार्डच धरायचं. वर मारा किंवा खाली मारा, दोन्हीकडे न सुधारलेली गोळी वर लागते. बरेच रेंजफाइंडर, म्हणजे लेझरने अंतर मोजणारी यंत्रं, हा आकडा आपोआप देतात. मात्र वाऱ्यासाठी पूर्ण 400 च धरायचे, कारण तेवढ्या हवेतून गोळी जातेच. कितीतरी जण दोन्हीकडे 346 वापरतात.

दुसरी गोष्ट, मृगजळ. स्पॉटिंग स्कोपमधून जनावराच्या थोडं अलीकडे फोकस करा. हवेच्या लाटा दिसतात. सरळ वर उकळत असतील तर वारा नाही किंवा थेट पुढून-मागून. तिरक्या झाल्या तर हलका वारा. जवळजवळ आडव्या पळत असतील तर ताशी दहा मैलांच्या आसपास. ढगाळ थंड सकाळी हे दिसत नाही, तेव्हा गवत, पानं आणि पावसाचा तिरकेपणा. वाऱ्यात आंब्यावर धोंडा मारणाऱ्या पोराला आपण अंतर मोजायला शिकवत नाही, तो फांद्या बघून हात बदलतो. तशी नजर तयार व्हायला हवी आणि ती फोन खिशात ठेवल्यावरच होते.

बोरूबहाद्दर

पावसात गोळी थेंबाला आपटून वाकडी जाते का? खरोखरची शंका आहे.

दक्षिणबेट

व्यवहारात नाही. एखादा थेंब लागला तरी शिकारीच्या अंतरावर फरक जाणवण्याजोगा नसतो. पावसात खरा त्रास दुर्बिणीच्या काचेचा आणि रेंजफाइंडरचा. लेझर धुक्यावरून परत येतो आणि 380 ऐवजी 90 दाखवतो. पाऊस असला तर जवळ जा किंवा चहा करा.

चाप_ओढ्या

अजून एक काम अ‍ॅप उत्तम करतं, ते राहिलं. प्रत्येक अंतरावर गोळीचा उरलेला वेग. शिकारीची गोळी जनावरात शिरल्यावर फुलली पाहिजे आणि त्याला किमान वेग लागतो. तुमच्या गोळीला समुद्रसपाटीवर 500 यार्डांवरही दोन हजारांच्या वर वेग राहतो, उंचावर त्याहून जास्त. तांब्याच्या गोळ्यांना हे फार सांभाळावं लागतं, त्यांना फुलायला वेग जास्त लागतो. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत, कॉन्डर गिधाडांना शिशाची विषबाधा होत होती म्हणून. तिथल्या शिकाऱ्यांनी वेगाचा रकाना आधी वाचावा. बनवणाऱ्याने दिलेला किमान वेग ज्या अंतरावर संपतो तिथे थांबायचं, मग नेम कितीही चांगला असो.

रानजाई

गिधाडांचा उल्लेख झाला म्हणून. आपल्याकडे डायक्लोफिनॅकने गिधाडं गेली आणि 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. मेलेल्या जनावरात काय उरतं याचा विचार दोन्हीकडे उशिराच झाला. कॅलिफोर्नियाने केला हे वाचून बरं वाटलं.

ह्यूस्टनकर

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. चाप_ओढ्या, तुमचं निदान बरोबर: तिसऱ्या अ‍ॅपने गोळी निवडताना जी7 चा आकडा घेतला होता आणि रकाना जी1 वर होता. दुरुस्त केल्यावर तिन्ही अ‍ॅप 400 यार्डांवर एकमेकांच्या अर्ध्या इंचात आली. काकांच्या सांगण्यावरून फक्त खरा दाब भरतोय, उंचीचा रकाना बंद.

वाऱ्याचा रकाना 8 आणि 14 भरून पाहिला. 300 वर तीन इंचांचा फरक, 400 वर साडेपाच, 500 वर साडेआठ. माझा स्वतःचा नेम रानातल्या बैठकीतून रेंजइतका चांगला नाही, ते धरून 300 ही हद्द ठरवली आहे. वारा अगदी पडलेला असेल तर 350.

एकच शेवटचं. तिथे सिग्नल नाही आणि थंडीत फोन तासाभरात मान टाकतो असं ऐकलंय. वेगळं केस्ट्रेल, म्हणजे हातात धरायचं वारा-हवामान मोजणारं यंत्र, घ्यावं का?

पर्वतवेडा

300 साठी नको. महाग आहे आणि तुम्हाला जे लागतं ते कागदाच्या चिटोऱ्यावर मावतं. घरी अ‍ॅपमध्ये 9,500 फुटांवरचा खरा दाब, पहाटेचं तापमान आणि गार दारूचा वेग भरा. 200, 250, 300, 350 अशा चार ओळी. प्रत्येक ओळीत किती खाली आणि ताशी 10 मैलांच्या आडव्या वाऱ्याला किती बाजूला. उंचावर वाऱ्याचा आकडाही चौथ्या हिश्श्याने उतरतो, तेव्हा ह्यूस्टनचा तक्ता नेऊ नका. ठळक लिहून दस्त्यावर पारदर्शक टेपखाली चिकटवा. मोजे घालून, धाप लागलेली असताना वाचता आलं पाहिजे.

फोन आतल्या खिशात अंगालगत, विमान मोडवर. तो नकाशासाठी आणि अडचणीसाठी राखा.

आणि विमानाने येताय, म्हणजे रायफल सामानातून येणार. स्कोपला धक्का बसलाय की नाही ते कुठलंच अ‍ॅप सांगत नाही. पोचल्या दिवशी गावातल्या रेंजवर जा, नळी गार असताना तीन गोळ्या 200 वर, मग 300 वर तीन. 300 च्या गोळ्या तक्त्यापेक्षा दोन इंच खाली लागल्या तर तक्ता बदला, गोळ्यांशी वाद घालू नका. पहिल्याच दिवशी डोंगर चढू नका, साडेनऊ हजारांवर ह्यूस्टनच्या फुप्फुसांना एक-दोन दिवस द्या. पाणी भरपूर प्या. तुमच्या शिकारीच्या युनिटचा, म्हणजे परवान्यावरच्या क्षेत्राचा, नंबर व्यनि करा, तिथला पहाटेचा वारा कसा वाहतो ते सांगतो.

मालवणी_खाजां

आणि राख घेवन जावा.

ह्यूस्टनकर

व्यनि केला आहे. राख तिथल्या शेकोटीची घेईन. परत आल्यावर 300 वरचे कागद आणि अ‍ॅपचा तक्ता शेजारी ठेवून फोटो टाकतो.